बजेट वाचणारे अंकल

महापालिकेचं बजेट कादंबरीसारखं वाचणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता.

फेब्रुवारीत बजेट जाहीर झालं की दोन-चार दिवसांत अंकल कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून आमच्या वॉर्डाची पानं काढून आणायचे. छपाई फिकी आली म्हणून त्याच्याशी एकदा भांडायचे, परत काढून घ्यायचे, आणि मग आठ-दहा दिवस सकाळच्या चहानंतर पुढच्या व्हरांड्यात आरामखुर्चीत बसून वाचत राहायचे. ओळीखाली स्टीलची पट्टी. एक ओळ झाली की पट्टी खाली. मध्येच "अरेरे" म्हणायचे, कधी "शाब्बास", आणि एकदा तर इतक्या जोरात "मारला!" असं ओरडले की मी वरच्या खोलीतून धावत खाली आले.

"कोण? काय झालं?"

"आपला नाला," अंकल म्हणाले. "गेल्या साली यादीत होता. यंदा गायब. एका ओळीत खलास केला बघ."

आतून त्यांची बहीण ओरडली, "नाल्यासाठी रडतोस, भाजी कोण आणणार?"

अंधेरी पूर्वेला, महाकाली रोडच्या आत एक जुनं गावठाण आहे. चारी बाजूंनी टॉवर उठले, मध्ये पंचवीस-तीस कौलारू घरं, एक क्रूस आणि एक विहीर राहिली. अंकलचं घर त्यातलं. त्यांचे आजोबा भातशेती करायचे, त्या शेतावर आता पार्किंग आहे. अंकल स्वतः फोर्टातल्या एका छापखान्यात प्रूफरीडर होते. सरकारी अहवाल, नियमावल्या, बजेटांची पुस्तकं, जे कोणी वाचत नाही ते सगळं त्यांनी छापायच्या आधी वाचलं होतं. रिटायर झाल्यावरही ती सवय गेली नाही. उंच, काटकुळे, शर्ट कायम पांढरा, आणि खिशात पेनाऐवजी पेन्सिल. लग्न केलं नव्हतं. थोरली बहीण विधवा होऊन माहेरी आली तेव्हापासून दोघं एकत्र राहत. तिला ते बाय म्हणायचे, म्हणून सगळं गावठाणच तिला बाय म्हणायचं.

मी चिपळूणहून नोकरीला आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. एका इन्शुरन्स कंपनीच्या ऑफिसात लागले आणि ओळखीतून अंकलची वरची खोली बघायला गेले. त्यांनी भाडेकराराची चार पानं माझ्यापुढे ठेवली. मी वाचायला बसले. वडिलांनी बजावलं होतं म्हणून अगदी शेवटपर्यंत वाचलं, आणि दोन शंकाही विचारल्या. अंकलनी उत्तरं दिली नाहीत. आत वळून म्हणाले, "बाय, पोरीला चहा दे. हिने वाचलं." माझ्याआधी चार जण न वाचता सही करायला निघाले होते, त्या चौघांना त्यांनी खोली दिली नव्हती.

त्यांच्याकडे राहायचं म्हणजे काही गोष्टींची सवय करून घ्यावी लागायची. जिन्यातली नोटीस, पाण्याच्या बिलामागच्या सूचना, माझ्या मैत्रिणीच्या लग्नाची पत्रिका, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं आणि समासात बारीक खुणा होऊन परत यायचं. चर्चमधल्या बातमीपत्रात त्यांना एकदा सतरा चुका सापडल्या. फादरना नेऊन दाखवल्या. फादर बिचारे म्हणाले, "अंकल, पुढच्या वेळी छापायच्या आधीच तुम्हाला देतो." त्यांना तेच हवं होतं.

पण खुणा नेहमी पेन्सिलीनेच. "दुसऱ्याच्या मजकुरावर पेन चालवायचं नाय," म्हणायचे. "आपण सांगायचं. पुसायचं की ठेवायचं ते त्याचं तो बघेल."

दुसरं त्यांचं वाक्य होतं, "आधी मथळा वाच." कोणी काहीही तावातावाने सांगायला लागलं, पेपरातली बातमी असो की व्हॉट्सॲपवरचा मेसेज, की अंकल हात वर करायचे. "आकडा नंतर. आधी वर काय लिहिलंय ते वाच. हा पैसा कोणाचा, कशासाठी, आणि कोण खर्च करणार?" पाहुण्यांना कंटाळा यायचा. मलाही यायचा.

माझ्या तिथल्या तिसऱ्या वर्षी बायची साखळी गेली.

चर्चमधली बुधवारची प्रार्थना, नोवेना, संपवून ती घरी येत होती. दिवेलागणीची वेळ. मेन रोडपासून गावठाणापर्यंतच्या गल्लीतले तीन खांब तेव्हा कित्येक महिने बंद होते. मोटारसायकलवर दोघं आले, मागच्याने गळ्याला हात घातला आणि हिसडा दिला. साखळी त्यांच्या आईची, तिला छोटा क्रूस. बाय आडवी पडली आणि उजवं मनगट मोडलं. मी ऑफिसातून येत होते, मला ती रस्त्यावर बसलेली दिसली. रडत नव्हती. मला म्हणाली, "माझी चप्पल शोध गो. एकच हाय पायात."

त्या गल्लीतून मी रोज जायची. त्या दिवसापासून मी मोबाइलचा टॉर्च लावून, किल्ली मुठीत धरून जवळजवळ पळत जायला लागले. टॉवरमधल्या बायकांचंही तेच. त्याच महिन्यात आसपास आणखी दोन साखळ्या गेल्या होत्या.

मग टॉवरच्या सेक्रेटरी प्रधानबाईंनी पुढाकार घेतला. बँकेतून मोठ्या हुद्द्यावर रिटायर झालेल्या, हुशार, कामाला वाघ. तेव्हा पालिकेत नगरसेवक नव्हते, निवडणुका लांबल्या होत्या, सगळा कारभार प्रशासकाच्या हातात. नव्या बजेटसाठी लोकांकडून सूचना मागवल्या होत्या आणि वॉर्ड ऑफिसर नागरिकांची सभा घेणार होते. प्रधानबाईंनी निवेदन तयार केलं. पोलिसांवर वॉर्डाने जास्त खर्च करावा, आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवी पोलीस चौकी आणि कॅमेरे द्यावेत. त्या घरोघर फिरल्या. माझ्या खोलीवरही आल्या. मी दारातच सही केली. बायने डाव्या हाताने केली.

दोन दिवसांनी निवेदनाची एक प्रत अंकलकडे आली. मी संध्याकाळी घरी पोचले तेव्हा ते व्हरांड्यात पट्टी लावून बसले होते.

"तुझं आडनाव चुकलंय," ते म्हणाले. "ऱ्हस्व दीर्घ उलटं पडलंय. दुरुस्त करून घे, नायतर उद्या कोणी म्हणेल ही बाई इथे राहतच नाय."

मला ओशाळल्यासारखं झालं. "अंकल, मी तुम्हाला विचारणार होते..."

"मला कशाला विचारायचं? सही तुझी." थोडं थांबून म्हणाले, "दुसरं पान वाचलंस?"

मी वाचलं नव्हतं. दुसरं पान आहे हेच मला माहीत नव्हतं. त्यांनी कागद माझ्या हातात दिला. चौकीसाठी जागा म्हणून पालिकेच्या दवाखान्याची पुढची खोली सुचवली होती, आणि खर्चासाठी त्याच दवाखान्याच्या दुरुस्तीचा निधी.

आमचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि गळका पत्रा. पण मागच्या चाळींतल्या बायका तिथेच येत. कुत्रं चावलं की इंजेक्शन तिथे, बाळाचे डोस तिथे, टीबीच्या गोळ्या तिथे. पुढची खोली गेली असती तर ही सगळी माणसं उन्हात रांग लावून उभी राहिली असती.

"सही केलीस त्याचं काय नाय," अंकल म्हणाले. "न वाचता केलीस."

त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मी जेवले नाही त्या दिवशी.

गंमत अशी की दुसऱ्या दिवशी अंकलनी ते संपूर्ण निवेदन तपासलं. पेन्सिलीने. ज्या मागणीला त्यांचा कडवा विरोध होता, तिची अकरा ठिकाणची चुकीची वाक्यं सरळ केली, एका मुद्द्याचा क्रमांक दोनदा पडला होता तो सुधारला, आणि स्वतः जाऊन टॉवरच्या वॉचमनकडे लिफाफा दिला. वर लिहिलं होतं, 'मी या मागणीविरुद्ध सभेत बोलणार आहे. तरी मजकूर स्वच्छ असावा.'

बाय संतापली. "माझं मनगट मोडलं आणि तू त्यांच्या वेलांट्या बघतोस! आणि वर विरोध करणार? कोणासाठी रे?"

"बाय, चौकीने काय होणार ते मला सांग."

"पोलीस असेल तिथे! दिसेल तरी कोणी!"

"कुठला पोलीस? पालिका पोलीस देत नाय. पोलीस राज्य सरकारचा. त्याचा पगार, गाडी, बंदूक, सगळं तिकडून. आपल्या बजेटात पोलीस कुठेच नाय. पालिका काय देणार? भिंत देणार, बाकडं देणार. भिंत चोरामागे पळत नाय."

"तुला लय कळतं," बाय म्हणाली. "अंधारात तू नव्हतास, मी होते."

 त्यानंतर दहा-बारा दिवस त्या घरात फक्त भांडी बोलत होती. बाय त्यांचं ताट वाढून ठेवायची आणि पाठ फिरवायची. एका हाताला प्लास्टर, म्हणून फुगे, म्हणजे त्यांच्याकडचे गोल तळलेले पाव, करायचे असले की पीठ अंकलनी कालवायचं आणि ती नुसतं बोट दाखवायची. पीठ सैल झालं की बोट जोरात हलायचं.

त्याच दिवसांत अंकलनी एक भलताच उद्योग सुरू केला. गल्लीपासून थोडं लांब, मेन रोडच्या नाक्यावर आधीपासून एक जुनी चौकी होती. तिच्याबाहेरच्या बाकड्यावर ते रोज दुपारी तीन ते सात जाऊन बसायला लागले. हातात वही. पहिले दोन दिवस पोलिसांना वाटलं, म्हातारा तक्रार करायला आलाय. मग वाटलं माहिती अधिकारवाला असेल. तिसऱ्या दिवशी तिथल्या कॉन्स्टेबल सुर्वे बाहेर आल्या. तिशीच्या, कळव्याहून ये-जा करणाऱ्या.

"काका, नक्की काय पाहिजे तुम्हाला?"

"मला काय नको. तुम्हाला काय पाहिजे ते बघतोय."

हे मला नंतर सुर्वेबाईंनीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, नोकरीला लागल्यापासून मला हे कोणीच विचारलं नव्हतं. मला आधी रागच आला." मग हळूहळू बोलायला लागल्या. चौकीत नळ नव्हता. शौचालय नव्हतं. पुरुष कसंही भागवायचे. सुर्वेबाईंना समोरच्या हॉटेलवाल्याला विचारून जावं लागायचं, आणि ते बंद असलं की संपलंच. म्हणून त्या ड्युटीवर पाणीच प्यायच्या नाहीत. दोनदा लघवीचा त्रास होऊन आजारी पडल्या होत्या. कुठे बंदोबस्त लागला की सगळे तिकडे, आणि चौकीला कुलूप.

"हे लिहू?" अंकलनी विचारलं.

"लिहा. पण माझं नाव नको, काका. वरिष्ठ विचारतील."

त्या वहीत मी पुढे पाहिलं. पानंच्या पानं भरलेली, कोणत्या दिवशी किती वाजता किती माणसं हजर, कुलूप कधी, गर्दी कधी. सुर्वेबाईंचं नाव कुठेही नव्हतं. 'ड्युटीवरील महिला' एवढंच.

सभा एका शनिवारी दुपारी पालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये झाली. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसलेली. समोर वॉर्ड ऑफिसर, शेजारी पोलीस ठाण्याचे सिनियर साहेब. हॉल भरला होता. प्रधानबाई फार छान बोलल्या. मुद्देसूद, कुठेही रडगाणं नाही. म्हणाल्या, "आमच्या बायका संध्याकाळी सहानंतर बाहेर पडायला घाबरतात. या शहराने आमच्याकडून कर घ्यायचा आणि आम्ही घरात बसायचं, हे चालणार नाही." टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या, कारण ते खरं होतं.

मग त्यांनी बायला पुढे बोलावलं. हे अंकलना माहीत नव्हतं. गळ्यात अडकवलेला हात सांभाळत बाय उभी राहिली. माईक धरायला तिला जमेना, प्रधानबाईंनी धरला.

"माझा भाऊ इथे बसलाय," बाय म्हणाली. "तो शहाणा हाय. तो आता उठेल आणि तुम्हाला बजेट सांगेल. पण साखळी माझी गेली. माझ्या आईची होती. मला पोलीस पाहिजे."

 मी अंकलकडे बघितलं. ते वही मांडीवर ठेवून खाली बघत होते. मला वाटलं आता हे उठणार नाहीत. कोणीतरी मागून म्हणालं, "अंकल, राहू द्या आता." ते उठले.

"माझी बहीण बोलली ते बरोबर हाय," ते म्हणाले. "तिला पोलीस पाहिजे. चौकी नाय मागितली तिने. मला सिनियर साहेबांना एकच प्रश्न विचारायचाय. साहेब, आम्ही नवी चौकी बांधून दिली, तर तिच्यात बसायला तुम्हाला नवी माणसं मिळतील?"

सिनियर साहेबांनी वॉर्ड ऑफिसरकडे बघितलं, मग छताकडे. मग म्हणाले, आणि याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटतं, "खरं सांगू का? नाही. माणसं वरून मंजूर होतात. आहेत त्यांच्यातलीच दोन तिकडे टाकावी लागतील."

"म्हणजे नाक्यावरची उचलून गल्लीत."

"तसंच."

गलका झाला. कोणी ओरडलं, "हा म्हातारा पोलिसांच्या विरुद्ध आहे!" अंकल थांबले. गलका कमी होईपर्यंत पट्टीने वहीचं पान दाबून तसेच उभे राहिले.

"मी पोलिसांच्या विरुद्ध?" ते म्हणाले. "मी बारा दिवस त्यांच्या दारात बसलोय. तुमच्यातलं कोण बसलंय? त्या चौकीत पाण्याचा नळ नाय. तिथे ड्युटी करणारी बाई आठ-आठ तास पाणी पीत नाय, कारण प्यायली तर जायचं कुठे? तिने तुमची साखळी वाचवायची. पोलिसावर खर्च करायचाय ना पालिकेला? करा. तिला नळ द्या. संडास बांधून द्या. ते पालिकेचं काम हाय, बजेटात त्याला मथळा हाय, त्या नावाने पैसा ठेवलेला असतो. गल्लीतले तीन खांब चालू करा, त्यालाही मथळा हाय. आणि दवाखान्याला हात लावू नका."

दाराजवळ बंदोबस्ताला सुर्वेबाई उभ्या होत्या. टोपी सारखी करून त्या बाहेर बघायला लागल्या.

प्रधानबाईंनी विचारलं, "ठीक आहे. आणि कॅमेरे?"

तिथे अंकल जरा चढले. समोर हॉल ऐकतोय म्हटल्यावर कोणीही चढतो. "कॅमेरा काय करतो? चोर पळून गेला की त्याचा फोटो काढतो. आणि सहा महिन्यांनी बंद पडतो. कॅमेरे नकोत. एकही नको."

लोक हसले. वॉर्ड ऑफिसरांनी लिहून घेतलं.

सभा सुटल्यावर भाऊ-बहीण घरी एकत्रच आले, कारण बायला एकटीला ती गल्ली चालायची भीती वाटायची.  दारात पोचल्यावर बाय म्हणाली, "त्या पोलीसबाईचं तू मला का नाय सांगितलंस?"

"तू बोलत कुठे होतीस?"

"मग ओरडून सांगायचं!" असं म्हणून ती आत गेली. त्या संध्याकाळी तिने स्वतः, डाव्या हाताने, अंकलना चहा करून दिला. निम्मा बशीत सांडला होता.

बजेट आलं तेव्हा दवाखान्याची दुरुस्ती यादीत शाबूत होती. खांब तर महिनाभरातच पेटले. चौकीच्या नळाला आणि शौचालयाला वर्ष लागलं. अंकल दर पंधरा दिवसांनी वॉर्ड ऑफिसात जाऊन बसायचे. तिथल्या इंजिनियरने मला एकदा हात जोडून सांगितलं, "मॅडम, यांना घरी काही काम द्या हो." पण झालं. ज्या दिवशी शौचालयाचं दार बसलं, त्या दिवशी सुर्वेबाई ड्युटी संपवून अंकलच्या घरी आल्या. आत यायला तयार नव्हत्या. दारातच पाणी मागितलं. बायने तांब्या दिला तो उभ्या उभ्या संपवला, आणखी एक मागितला, तोही संपवला. "ड्युटीवर प्यायले होते," म्हणाल्या, "तरी प्यावंसं वाटलं."

कॅमेरे मात्र आले नाहीत. अंकलच्या त्या वाक्यावर हॉल हसला होता, तेच टिपणात गेलं, आणि मागणी मागे पडली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात लक्ष्मीताईंना गाडीने उडवलं. दवाखान्यात झाडलोट करायच्या त्या, सकाळी सर्वांत आधी येऊन दार उघडायच्या. सकाळचे आठ वाजलेले, लख्ख उजेड. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी एका भरधाव मोटारीने त्यांना ठोकलं आणि गाडी न थांबता गेली. मांडीचं हाड मोडलं. नंबर कोणी बघितला नाही. पोलिसांनी दोन दुकानांचे कॅमेरे तपासले, दोन्ही दुकानातल्या पैशाच्या गल्ल्यावर रोखलेले. गाडी सापडली नाही, नुकसानभरपाई मागायला माणूसच नव्हता, आणि लक्ष्मीताई कंत्राटावर होत्या.

अंकल हॉस्पिटलात गेले, मी सोबत होते. लक्ष्मीताई पायाला वजन लावून पडल्या होत्या. अंकल स्टुलावर बसले. मग एकदम म्हणाले, "तिथे कॅमेरा असता तर नंबर मिळाला असता."

"असता तर असता," लक्ष्मीताई म्हणाल्या. "नव्हता ना."

"मी नको म्हणालो म्हणून नव्हता."

लक्ष्मीताईंना सभेचं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी थोडक्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो काका, गाडी काय तुम्ही चालवत होता? कशाला जीवाला लावून घेता?"

"गाडी नाय," अंकल म्हणाले. "पण बोललो मी."

घरी आल्यावर त्यांनी मला टाइप करायला बसवलं. एक पान. मथळा 'शुद्धिपत्र'. मी म्हटलं, "अंकल, ही काय पुस्तकातली चूक आहे का? सभेतलं बोलणं लोक केव्हाच विसरले."

"लोक विसरले. कॅमेरे आले नायत," ते म्हणाले. "लिही."

पान घेऊन ते पहिल्यांदाच टॉवरमध्ये गेले, सातव्या मजल्यावर, प्रधानबाईंच्या घरी. प्रधानबाईंनी वाचलं, चष्मा काढला. "अंकल, याची खरंच गरज नाही. आपण नुसतं नवीन निवेदन देऊ ना."

"निवेदन द्याच. पण आधी हे," अंकल म्हणाले. "आणि निवेदनात दुरुस्तीचं कलम घाला. कॅमेरा बंद पडला तर कोण दुरुस्त करणार, किती दिवसांत. त्याच्याशिवाय मी सही करणार नाय."

प्रधानबाई हसल्या आणि कागद-पेन घेऊन त्यांच्या शेजारी बसल्या. तीन तास चालला होता तो मसुदा. शेजाऱ्यांना वाटलं भांडण चाललंय.

पुढच्या सभेला अंकलना पंचाहत्तरी उलटून गेली होती. गुडघे कुरकुरत होते. तोच हॉल, तीच बुटकी बाकं, वॉर्ड ऑफिसर मात्र बदलून नवे आलेले. अंकलचा नंबर आला तेव्हा त्यांना बाकातून उठता येईना. शेजारी बसलेली बाय उठली आणि त्यांच्या दंडाला धरून तिने त्यांना उभं केलं. तिचं ते मनगट कायमचं वाकडं राहिलं होतं. उभं केल्यावरही तिने हात सोडला नाही, तशीच उभी राहिली.

अंकलनी कागद वर धरला आणि वाचलं. "मागील सभेत मी या भागात एकही कॅमेरा नको असं विधान केलं होतं. ते विधान चूक होतं. मी ते पुरेशी माहिती न घेता, लोकांनी हसावं म्हणून केलं. त्यामुळे मागणी मागे पडली. एका बाईला अपघात झाला, आणि ठोकर देणारी गाडी सापडली नाही. दवाखाना, दिवे आणि चौकीबद्दल मी जे बोललो त्यावर मी ठाम आहे. कॅमेऱ्याबद्दलचं माझं विधान कृपया रद्द समजावं."

कोणी टाळी वाजवली नाही. कोणाला काय करायचं तेच कळेना. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने उगीचच घसा खाकरला. नवे वॉर्ड ऑफिसर तरुण होते, त्यांना मागचं काही माहीत नव्हतं. त्यांनी थोडं गोंधळून विचारलं, "काका, हे... हे इतिवृत्तात घ्यायचं का?"

"साहेब," अंकल म्हणाले, "त्याच्यासाठीच आलोय."

गल्लीत आज चार कॅमेरे आहेत. मी लग्न होऊन दहिसरला गेले, अंकल वारले त्याला दोन वर्षं झाली. पण मला त्यांची आठवण येते ती त्या हॉलमधली. साहेबांनी मान खाली घालून लिहायला घेतलं, आणि अंकल बसले नाहीत. बायने दोनदा दंड ओढला तरी बसले नाहीत. साहेबांचं लिहून होईपर्यंत, शेवटची ओळ पुरी होईपर्यंत, ते तसेच उभे होते.